सात सुळके

आमच्या सासऱ्यांना दोन जावई. थोरला मी, धाकटा तो. सासऱ्यांच्या बैठकीत पाठ टेकायला एकच धड खुर्ची आहे आणि धाकटा त्या घरात आल्यापासून ती त्याची झाली. मी गेलो की सासरे बसल्या जागेवरून म्हणतात, "या, बसा कुठंही, तुम्ही काय घरचेच." तो गेला की उठून उभे राहतात. माणूस असल्या गोष्टी विसरतो म्हणे. मी विसरत नाही.

त्यातून नशीब असं की त्याला आमच्या ऑफिसात चिकटवला तो मीच. हवा तपासणी विभाग. मी तिथं सतरा वर्षं नळ्या जोडतोय, यंत्रं वाहतोय. मेहुणी डोळ्यांत पाणी घेऊन आली, "भावजी, ह्यांच्यासाठी काहीतरी बघा," म्हणाली. मी साहेबांच्या कानावर घातलं. सहा वर्षांत तो माझ्या डोक्यावर जाऊन बसला. कागदावर तो मुख्य निरीक्षक आणि मी सहायक. एवढं होऊन मला "दादा" म्हणतो आणि बोलताना आवाज खाली ठेवतो. उर्मट असता तर बरं झालं असतं, निदान चारचौघांत त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

ऑफिसात त्याचं नाव झिरोबुवा. हे नाव मीच पाडलं. हवेतला वायू मोजणाऱ्या यंत्राला आधी बाटलीतली निव्वळ स्वच्छ हवा पाजायची आणि ते शून्य दाखवतंय का बघायचं, अशी रीत आहे. आम्ही सगळे सकाळी एकदा बघतो आणि चहाला जातो. हा दर दोन तासांनी बघणार आणि बघितलेलं वहीत लिहिणार. भाजी घेतानासुद्धा आधी तराजूचा काटा शून्यावर आहे का ते बघतो. आणि खोटं बोलत नाही. दुसऱ्यासाठी सोडा, स्वतःच्या फायद्यासाठीही नाही. असा माणूस नात्यात असला की बाकीच्यांचं अवघड होऊन बसतं.

शहराच्या कडेला दगडाची एक जुनी खाण आहे. वीस वर्षं तिच्यात कचरा ओतला. ती भरली, वर माती पसरली, गवत उगवलं, आणि काठावर कर्मचाऱ्यांसाठी अठरा बैठी घरं एका ओळीत बांधली. जमीन राहण्याजोगी आहे अशी सही आमच्या साहेबांची. अठरावं घर साडूचं. कचरा खाली कुजतो तेव्हा मिथेन तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. मातीतून, फरशीच्या फटीतून तो वर येतो, बंद खोलीत साठतो, आणि पुरेसा साठला की एक ठिणगी बास होते. हे आमच्या विभागात सगळ्यांनाच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्यावर तीन महिने अर्ज लिहीत बसणं वेगळं. साडू ऐन थंडीत खिडक्या सताड उघड्या ठेवायचा. मेहुणी आणि तिची आठ वर्षांची पोर स्वेटर घालून जेवायच्या. सासऱ्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "विचार करणारा माणूस आहे." तेच मी केलं असतं तर म्हणाले असते, डोक्यावर परिणाम झालाय.

शेवटी त्यानं विद्यापीठाकडून यंत्र मागून आणलं, पाच दिवसांच्या बोलीवर. एरवी हवेच्या दहा लाख भागांत मिथेन दोनच भाग असतो. त्या दोनाचे सव्वादोन झाले तरी ओळखणारं लेसरचं यंत्र होतं ते. साहेब म्हणाले, "मोज बाबा, एकदाचं मोज आणि आम्हाला मोकळं कर." सोबत सहायक म्हणून मला दिलं, आणि जीपसकट ड्रायव्हर.

पहिला दिवस नुसता मांडामांडीत गेला. अठराव्या घराच्या मागं तंबू ठोकला. यंत्र म्हणजे ट्रंकेएवढा डबा, पण लाड धाकट्या जावयासारखे. त्याला ऊन लागता कामा नये, हादरा बसता कामा नये. टेबलाच्या चारही पायांखाली रबर, वर पातळी बघायची काचेची नळी ठेवून टेबल सपाट. जनरेटर दीडशे पावलं लांब आणि वारा जिकडं जातो त्या अंगाला, म्हणजे त्याचा धूर नळीत शिरणार नाही. हवा ओढणारी नळी तंबूतून निघून घराच्या मागच्या भिंतीपर्यंत नेली आणि तिचं तोंड जमिनीपासून हातभर उंचीवर बांधलं. तोंडाला जाळी, जाळीवर उलटं नरसाळं. मग चार तास यंत्र नुसतं चालू ठेवून गरम होऊ दिलं. मी म्हणालो, "दोन तासांत होतं की." तो म्हणाला, "दादा, आकडा अजून सरकतोय." सरकतच होता. त्याचं असं बरोबर निघायचं.

मग त्यानं सांधे तपासले. हे यंत्र माणसाच्या श्वासातला वायूही ओळखतं, म्हणून प्रत्येक सांध्यापाशी तोंड नेऊन फुंकायचं. पडद्यावरचा आकडा उडाला तर सांधा गळका. आम्ही दोनचार सांधे फुंकून सोडून देतो. हा गुडघ्यांवर रांगत वीस मीटर नळीचा एकेक सांधा फुंकत गेला, पोरीच्या भाजलेल्या बोटावर फुंकर घालावी तसा. मी आणि ड्रायव्हर जीपला टेकून बघत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "आता नळीला अंगाई गातोय बघा."

शेवटचं काम राहिलं होतं. नळीच्या तोंडाशी शिरलेली हवा यंत्रापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्यासाठी त्यानं लहान मुलांच्या फुग्यांचं पाकीट आणलं होतं. तपासणीच्या लहान बाटलीत मिथेन मिसळलेली हवा असते. तिच्यातून एक फुगा भरून त्यानं माझ्या हातात दिला, मला भिंतीशी उभं केलं आणि स्वतः घड्याळ घेऊन तंबूत बसला. "सोडा, दादा!" मी फुगा जाळीपाशी सोडला. अकराव्या सेकंदाला आतून त्याचा आवाज आला, "या, या, बघा!" पडद्यावरच्या सपाट रेषेतून एक सुळका सरळ वर गेला होता, सुईसारखा, आणि मिनिटभरात खाली येत होता. "एवढ्याशा फुग्याचा केवढा सुळका!" तो पोरासारखा खूष झाला. म्हणजे शिकवलं त्यानंच आणि फुगेही त्याचेच.

तपासणीची बाटली आणि फुगे तंबूतल्या पेटीत असायचे, तिच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्यानं मला दिली. "मी जेवायला आणि पोरीला शाळेतून आणायला जाईन तेवढा वेळ तुम्ही बसा. घरचं माणूस आहे, मला काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो जेवायला गेला. मी बाटली उघडली, फुगा भरला, भिंतीशी जाऊन सोडला आणि परत येऊन खुर्चीत बसलो. ड्रायव्हर तोंडात रुमाल कोंबून हसत होता. साडू हात पुसत आला, पडद्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काय सांगू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. त्यानं यंत्राला स्वच्छ हवा पाजली. शून्य. पुन्हा पाजली. शून्य. परत रांगत जाऊन सगळे सांधे फुंकले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, खरंच आहे हो." मी तोंड गंभीर करून म्हणालो, "अरे बापरे."

त्याच संध्याकाळी तो पोरीला आणायला गेल्यावर दुसरा फुगा सोडला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिसरा, संध्याकाळी चौथा. चारच. पाचव्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर चहाच्या वेळी सांगायचं ठरलं होतं. झिरोबुवाचं तोंड कसं होतं ते बघायला हिशेबनीस बाईसुद्धा थांबणार होत्या.

पण झिरोबुवा पाचव्या दिवसापर्यंत थांबला नाही. चौथ्या दिवशी पहाटेचं मापन बघितलं आणि साहेबांना न विचारता त्यानं थेट अग्निशामक दलाला फोन केला. मी आठ वाजता पोचलो तेव्हा अठरा घरांतली माणसं रस्त्यावर उभी होती. कुणी अंथरूण घेऊन, कुणी पक्ष्याचा पिंजरा घेऊन, एक बाई अर्धं विंचरलेल्या केसांनी. सहाव्या घरातल्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तो सगळ्यांना विचारत होता, "कोण गेलं? कोण गेलं?" साडू ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता आणि प्रत्येक घरातला विजेचा मुख्य खटका बंद झालाय का ते विचारत होता.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण माझी पाचावर धारण बसली होती. ड्रायव्हर माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. दोघंही जीपच्या चाकातली हवा तपासत राहिलो.

दुपारी साडूनं पहिल्या दिवसानंतर प्रथमच तपासणीच्या बाटलीचा काटा पाहिला. वहीतल्या आकड्याशी ताडून बघितला. बारा उतरला होता. वापर नाही, गळती नाही, आणि बारा कमी. तो तंबूत खाली बसला. मी बाहेरून बघत होतो. दुसरा कुणी असता तर वहीचं ते पान फाडून गिळलं असतं. अख्खी वसाहत त्याच्या शब्दावर बाहेर काढलेली, वर्तमानपत्राचा बातमीदार दारात. हा उठला, वही घेतली आणि चालत साहेबांच्या गाडीपाशी गेला.

"साहेब, माझ्या बाटलीतला वायू कमी झालाय. कुणीतरी मधे हात घातलाय. खात्री होईपर्यंत माझं मापन धरू नका. पण माणसांना आत जाऊ देऊ नका."

साहेबांनी फक्त त्यातलं पहिलं ऐकलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. ड्रायव्हरनं सगळं ओकलं. मग मी हसलो. "गंमत केली हो साहेब. साडू-साडूंतली गंमत. एवढं वाढेल असं काय माहीत!"

मला वाटलं आता संपलो. पण साहेबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांची सही असलेली जमीन वाचली होती. त्यांनी तिथंच गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं, "नोंदले गेलेले सर्व सुळके आम्ही गमतीखातर फुग्यातून वायू सोडल्यामुळे आले आहेत." मी सही केली, ड्रायव्हरनं केली. मला समज देणारं एक पत्र मिळालं. वरिष्ठांना डावलून घबराट पसरवल्याबद्दल साडू निलंबित झाला. संध्याकाळी माणसं अंथरुणं घेऊन परत गेली. जाताना कुणीतरी तंबू फाडला, कुणीतरी साडूच्या खिडकीवर दगड मारला. सहाव्या घरातल्या म्हाताऱ्याच्या मुलानं साडूची गचांडी धरली. "परत इथं नळी घेऊन आलास ना, तर ती तुझ्याच गळ्यात गुंडाळीन." शाळेत पोरीला बघून मुलं नाक दाबायला लागली.

पाचव्या दिवशी यंत्र परत द्यायचं म्हणून आवराआवर माझ्याकडे आली. नळ्या गुंडाळल्या, बाटल्यांवर टोपणं चढवली. विद्यापीठाला सोबत सगळ्या मापनाचा आलेख लागतो. मी तो कागदावर काढला आणि घडी घालताना सहज नजर टाकली.

सुळके सात होते.

आधी वाटलं, मोजायला चुकलो. बोट ठेवून पुन्हा मोजले. चार माझे. ओळखता येत होते, सुईसारखे, दुपारी एकला आणि संध्याकाळी साडेपाचला. उरलेले तीन पहाटेचे होते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी, पाच ते सहाच्या मधे, वारा पडलेला असतो तेव्हा. ते सुईसारखे नव्हते. हळूहळू वर चढणारे, अर्धा तास वरच राहणारे, मग वारा सुटल्यावर ओसरणारे. वारूळ असावं तसे बसके आणि रुंद, आणि उंचीला माझ्या फुग्यांपेक्षा मोठे. त्या वेळी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला माझ्या घरी झोपलेलो होतो. ड्रायव्हर त्याच्या घरी.

मी कागदाची सुरळी केली, विद्यापीठाच्या पेटीत तळाशी घातली आणि पेटीला कुलूप लावलं. विद्यापीठातही असले कागद कोण उघडतो!

पण मूळ मापन साडूकडे होतंच. रविवारी दुपारी मेहुणीचा फोन आला. "भावजी, ह्यांना तुम्हाला एक विचारायचंय. भांडायचं नाहीये हो. या ना."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला! खिडक्या उघड्या होत्या, फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा होता. पोर स्वेटर घालून जमिनीवर चित्र काढत बसली होती. मेहुणी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. साडूनं दाढी केली नव्हती. मला वाटलं होतं, निदान एक शिवी तरी देईल. त्यानं माझ्यासमोर आलेख पसरला आणि पेन्सिल घेतली.

"दादा, मला तुमचा राग नाही. थट्टेचा विषय मीच झालो होतो. फक्त एवढं सांगा, फुगे किती सोडलेत?"

"आता ते कशाला उकरून काढतोस?"

"सांगा ना. बाटली बाराने उतरलीय. एका फुग्याला तीन लागतात. म्हणजे चार. आणि हे चार तुमच्या पाळीतले आहेत, वेळा जुळतात." त्यानं चार सुळक्यांवर खुणा केल्या. "मग हे तीन कुणाचे? दादा, तुम्ही फक्त 'चार' म्हणा. मी परत विद्यापीठात जातो, पाया पडतो, यंत्र आणतो. तुम्हाला काही होऊ देणार नाही, वाटलं तर सगळा दोष मी घेतो. पण हे तीन तुमचे नसतील तर ह्या ओळीत अठरा घरं आहेत हो."

आता माझं म्हणणं ऐका. जमिनीखाली वायू नसेल तर मी केली ती गंमत. वायू असेल तर मी केला तो गुन्हा. खऱ्या मापनात हात घातला आणि खोटं लिहून दिलं. सतरा वर्षांची नोकरी, वर पोलीस. आणि हेही सांगतो, कारण ते खरं आहे: 'चार' म्हटलं असतं तर हा पुन्हा एकदा बरोबर निघाला असता. सासरे उठून उभे राहिले असते. अठरा घरं समोर असताना माझ्या मनात हे आलं. आलं ते आलं.

"सातही माझेच," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. "पहाटे?"

"हो, पहाटे. किल्ली दिली होतीस की मला. स्कूटरवर आलो आणि गेलो. तू झोपला होतास."

"पण आकार वेगळा आहे, दादा. फुगा सोडला की हवा एकदम जाते. हे अर्धा तास चाललेत."

ह्यावर मला काय सुचलं बघा. सतरा वर्षं ह्या कामात घालवली ती उगीच नाही. मी म्हणालो, "पहाटे मी फुगे भिंतीशी सोडले नाहीत. फुगा पुरता फुगवला, गाठीपाशी चिकटपट्टी लावली आणि पट्टीतून टाचणी टोचली. म्हणजे फुटत नाही, बारीक बारीक गळत राहतो. जाळीखाली ठेवून गेलो. दरवेळी तीनतीन. म्हटलं, झिरोबुवाला जरा वेगळं काहीतरी दाखवू."

तो विचारात पडला. मला दिसत होतं, त्याच्या डोक्यात फुगा हळूहळू गळत होता आणि रेषा हळूहळू चढत होती. "हो," तो म्हणाला. "मग असाच येईल." मग म्हणाला, "पण बाटली?"

"पहाटेचे फुगे ऑफिसातल्या मोठ्या बाटलीतून भरले. ती संपली, परतही गेली."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. खोटं न बोलणाऱ्या माणसाची हीच गोची असते. समोरचा बोलेल असं त्याला वाटतच नाही, आणि तेही तोंडावर, घरच्या माणसानं.

मेहुणीनं चौकट सोडली. "म्हणजे भावजी, घरात काही नाही ना?"

"काही नाही."

"नक्की?"

"अगं, सांगतोय ना. हे सगळं माझं खूळ होतं."

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं आता मला बोलेल. पण ते तसलं रडणं नव्हतं. "तीन महिने, भावजी," ती म्हणाली, "तीन महिने मी झोपेत हिच्या नाकाशी हात धरून बघत होते. श्वास चालू आहे का म्हणून." मग डोळे पुसून उठली आणि एकेक करून खिडक्या लावत गेली. पुठ्ठ्याच्या कडेनं वारा येत होता तिथं तिनं फडकं कोंबलं. पोर म्हणाली, "आई, आता स्वेटर काढू?" "काढ गं, काढ." खोली थोड्या वेळात उबदार झाली. साडू कोपऱ्यात बसून नुसता आलेखाकडे बघत होता. म्हणाला, "दादा, मी आयुष्यभर मोजत आलो आणि माझ्याच भीतीचं शून्य तपासलं नाही. तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले."

मी चहा प्यायलो. पूर्ण कप प्यायलो.

निघताना मेहुणी दारापर्यंत आली. "भावजी, उद्यापासून शाळेला सुट्टी आहे. ताईच्या मुलीला पाठवा ना आठवडाभर. एवढे दिवस मी मुद्दाम बोलावलं नाही, हे म्हणायचे दुसऱ्याच्या लेकराची जोखीम नको. आता काय भीती! दोघी बहिणी मागच्या खोलीत झोपतील, ती पण आज उघडते."

"पाठवतो की," मी म्हणालो.

घरी पोचलो तर माझ्याआधी फोन पोचला होता. आमची कन्या पिशवी भरून बसली होती. फ्रॉक, रंगपेटी, उशाखालची बाहुली. बायको बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती. बहिणीच्या घरावर दगड पडल्यापासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती.

"झालं ना सगळं गोड?" ती म्हणाली. "मला ठाऊक होतं तुम्ही मनानं वाईट नाही. हिला आत्ताच सोडून या, म्हणजे रात्रीचं जेवण तिकडेच होईल."

"नको," मी म्हणालो.

"का?"

"लाडावतात तिथं. अभ्यास होत नाही."

"सुट्टीत कसला अभ्यास?"

"नको म्हटलं ना! मावशीकडे जायचं नाही. संपलं." पोर दचकली आणि पिशवी पोटाशी धरून रडायला लागली. बायकोनं तिला शेजाऱ्यांकडे खेळायला पाठवलं, दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिथं काही आहे का?"

मी बूट काढत होतो.

"मी काय विचारते? तिथं काही आहे का?"

"तीन माझे नव्हते," मी म्हणालो.

तिला सुळके कळत नाहीत, यंत्र कळत नाही. पण मी कळतो. ती खाली बसली. म्हणाली, "तुम्ही लिहून दिलंय ना, साहेबांना?"

"हो."

"आता खरं सांगितलंत तर?"

"नोकरी जाईल. आत पण टाकतील."

भांडली असती, कपाळ बडवून घेतलं असतं, मला ढकलून फोनकडे धावली असती, तर मी अडवलं नसतं. खरंच नसतं अडवलं. तिनं पोरीची पिशवी ओढून घेतली आणि एकेक फ्रॉक काढून, हातानं सारखा करून, परत कपाटात ठेवला. शेवटी बाहुली उशाखाली ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणीच. तिचा आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता, इतकी ती खुशीत होती. "निघाली का गं आमची पाहुणी?"

"अगं, हिला जरा कणकण आलीय," बायको म्हणाली. "पुढच्या वेळी बघू."

"अय्या! ताप आहे? की भावजींचा राग गेला नाही अजून? खरं सांग ताई. माझा संशय आहेच. ह्यांनी आज त्यांना पोलिसासारखं उलटसुलट विचारलं. एवढा मोठा माणूस कबूल करतोय आणि हे आपले फुगे मोजतायत. मी चांगलं फैलावर घेतलं. उद्या सकाळी पहिलं काम, माफी मागायला पाठवते. सांग भावजींना."

"सांगते," बायको म्हणाली. "तू… तुम्ही जेवलात का?"

"आत्ता टाकते गं स्वयंपाक. ताई, घर किती उबदार झालंय म्हणून सांगू!"

"हं," बायको म्हणाली. "ठेवते."

तिनं फोन ठेवला. पदरानं हात पुसत राहिली, हात कोरडे होते तरी.

"उद्या सकाळी येतायत," ती म्हणाली. "तुमची माफी मागायला."

"येऊ देत," मी म्हणालो.